अहवाल ‘नॉर्मल’, पण उठता येईना!

घरातल्या वडीलधाऱ्यांना ७५ वे वर्ष लागले की पूर्वी औक्षण होई, शाल-श्रीफळ होई, ऐपत असली तर धान्याची तुळाही होई. हल्ली त्यात आणखी एका भेटीची भर पडली आहे. पुण्या-मुंबईत किंवा थेट सातासमुद्रापलीकडे असलेला मुलगा आईवडिलांसाठी ‘संपूर्ण शरीर तपासणी’चे पॅकेज फोनवरूनच घेऊन टाकतो. सकाळी सातला कोणी तरुण घरी येऊन उपाशीपोटी रक्त काढून नेतो आणि संध्याकाळपर्यंत साठ-सत्तर आकड्यांचा अहवाल साऱ्या कुटुंबाच्या मोबाइलवर झळकतो. साखर, कोलेस्टेरॉल, क्रिएटिनिन, थायरॉइड, हिमोग्लोबिन, ‘ड’ जीवनसत्त्व... मग फोन येतो, “बाबा, सगळं नॉर्मल आहे हं!” बाबांनाही हायसे वाटते. फोन ठेवून ते उठू लागतात. दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर टेकतात, अंगाला एक झोका देतात. पहिल्या खेपेला जमत नाही, दुसऱ्या खेपेला जमते. त्या साठ-सत्तर आकड्यांत या उठण्याची नोंद मात्र कुठेच नसते.

ही नोंद नसणे ही किरकोळ बाब नाही. म्हातारपणी माणूस परावलंबी होतो तो बहुधा साखरेच्या किंवा कोलेस्टेरॉलच्या आकड्याने नव्हे. तो परावलंबी होतो ते संडासातून उठता येत नाही म्हणून, जिना चढता येत नाही म्हणून, बाजारातून पिशवी आणता येत नाही म्हणून. आणि या तिन्हींच्या मुळाशी असते ती स्नायूंची झीज. आपण रक्त मोजतो, दाब मोजतो, वजन मोजतो. ज्याच्या जोरावर माणूस उभा राहतो, ते मात्र मोजत नाही.

नाव मिळाले, लक्ष मिळाले नाही

या झिजेला शास्त्रीय नाव मिळाले तेही अगदी अलीकडे. १९८८ साली अमेरिकेतील न्यू मेक्सिको राज्यातल्या अल्बुकर्की येथे वृद्धांच्या आरोग्यावर एक बैठक भरली होती. तेथे डॉ. आयर्विन रोझेनबर्ग यांनी ‘सार्कोपेनिया’ हा शब्द सुचवला. ग्रीक भाषेत ‘सार्क्स’ म्हणजे मांस आणि ‘पेनिया’ म्हणजे उणीव किंवा दारिद्र्य. वयाबरोबर शरीरात होणाऱ्या बदलांत मांसाची घट हा सर्वांत ठळक बदल आहे. पण त्याला नाव नसल्यामुळे त्याकडे कोणी गांभीर्याने पाहत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. नाव मिळूनही रोगांच्या अमेरिकी यादीत त्याला स्वतंत्र क्रमांक मिळायला २०१६ साल उजाडावे लागले. आपल्याकडे तर आजही सामान्य दवाखान्यात हा शब्द क्वचितच कानावर पडतो. “वय झालं आता, पाय दुखायचेच,” एवढ्यावर विषय संपतो.

नेमके होते काय? साधारण चाळिशीनंतर स्नायू हळूहळू कमी होऊ लागतात आणि साठीनंतर हा उतार वाढतो. मेरुरज्जूतून स्नायूंना हुकूम देणाऱ्या चेतापेशी काही प्रमाणात मरतात. त्यांच्या ताब्यातले स्नायुतंतू अनाथ होतात. त्यातही झटकन जोर लावणारे तंतू आधी जातात. ठेच लागली की तरुण माणूस पुढच्याच क्षणी पाय टाकून तोल सावरतो. म्हातारा माणूस पडतो, तो यामुळे. शिवाय जेवणातल्या प्रथिनांपासून नवे स्नायू घडवण्याची शरीराची तयारीही मंदावते. तरुणपणी जेवढ्या डाळीत काम भागत होते, तेवढ्यात म्हातारपणी भागत नाही.

यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी, की ताकद ही स्नायूंच्या आकारमानापेक्षा कितीतरी वेगाने घटते. अमेरिकेत सत्तरीच्या वृद्धांना काही वर्षे सतत तपासत राहिलेल्या एका मोठ्या अभ्यासात पायांची ताकद ही स्नायूंच्या वस्तुमानाच्या सुमारे तिप्पट वेगाने कमी होताना दिसली. म्हणजे मांडी दिसायला ठीक असते, पण तिच्यातला जोर गेलेला असतो. म्हणूनच युरोपातील तज्ज्ञांच्या गटाने २०१० साली केलेली व्याख्या २०१८ मध्ये बदलली आणि आधी ताकद पाहा, मग आकारमान, असा क्रम लावला.

स्नायूंचे काम केवळ उचलण्या-चालण्याचे नाही. जेवणानंतर रक्तातली साखर सर्वांत जास्त ओढून घेतात ते स्नायूच. आजारपणात शरीर प्रथिनांची उचल करते तीही याच साठ्यातून. साठा मोठा असेल तर माणूस न्यूमोनियातून किंवा शस्त्रक्रियेतून उठतो; साठा संपलेला असेल तर आजार बरा होतो आणि माणूस मात्र अंथरुणाला खिळतो. “ऑपरेशन छान झालं, पण त्यानंतर ते उठलेच नाहीत,” हे वाक्य आपण किती घरांत ऐकले आहे!

रक्तात काय सापडते?

मग याची एखादी सोपी रक्ततपासणी का नसावी? प्रश्न अगदी रास्त आहे. मधुमेहाला एचबीएवनसी आहे, हृदयविकाराच्या झटक्याला ट्रोपोनिन आहे. स्नायूंची झीज सुरू होताच इशारा देणारा असा एखादा खुणेचा पदार्थ रक्तात मिळावा म्हणून जगभर संशोधक खटपट करीत आहेत, आणि ती खटपट निरर्थक नाही. स्नायू आणि रक्त यांचा संवाद सतत चाललेला असतो. कोपनहेगनच्या डॉ. बेन्टे पेडरसन यांनी दाखवून दिले, की काम करणारा स्नायू स्वतःच काही संदेशवाहक पदार्थ रक्तात सोडतो. तेव्हा स्नायूची हालहवाल रक्तातून कळावी, ही अपेक्षा चुकीची म्हणता येणार नाही.

अडचण वेगळीच आहे. शरीरात रेंगाळणाऱ्या दाहाच्या खुणा, म्हणजे सीआरपी किंवा इंटरल्यूकिन-६, दुबळ्या वृद्धांत वाढलेल्या आढळतात. पण सीआरपी हिरड्या सुजल्या तरी वाढते. जीडीएफ-१५ नावाचे प्रथिन वयाबरोबर वाढते आणि अशक्तपणाशी त्याचे नाते दिसते. पण हृदय, मूत्रपिंड यांच्या विकारांत आणि कर्करोगातही ते वाढते. चेतातंतू आणि स्नायू जिथे जोडलेले असतात तो सांधा खिळखिळा झाला की अ‍ॅग्रिन या प्रथिनाचा तुकडा रक्तात उतरतो. हा तुकडा विशेष आशेचा मानला जातो. तरी एकट्या त्याच्यावर निदान करावे, असे अजून कोणी म्हणत नाही.

कारण उघड आहे. स्नायू झिजण्याची वाट एकच नाही. एकाचे स्नायू चेतापेशी गेल्यामुळे झिजतात, दुसऱ्याचे जुनाट आजाराने, तिसऱ्याचे अर्धपोटी राहिल्याने, चौथ्याचे केवळ बसून राहिल्याने. गावात पोचायच्या वाटा चार असल्या तर एकाच नाक्यावर बसलेल्या जकातदाराला सगळे वाटसरू कसे दिसणार? उद्या चार-सहा पदार्थ एकत्र मोजणारी एखादी चाचणी निघेलही. निघाली तर तिचे स्वागतच करावे. पण तोवर हातावर हात ठेवून बसणे परवडणारे नाही.

औषधांच्या बाबतीतही हाच धडा मिळाला आहे. १९९७ साली अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात ‘मायोस्टॅटिन’ या स्नायूंच्या वाढीला लगाम घालणाऱ्या प्रथिनाचा शोध लागला. हा लगाम काढलेल्या उंदरांचे स्नायू दुप्पट झाले. साहजिकच वृद्धांसाठी औषध हाती आले, असे वाटू लागले. या लगामावरच काम करणाऱ्या एका औषधाची वृद्धांवरील चाचणी २०२० साली प्रसिद्ध झाली. दोन्ही गटांना पुरेसा आहार आणि घरगुती व्यायाम दिलेला होता. एका गटाला खरे औषध, दुसऱ्याला नुसताच देखावा. औषधाच्या गटात स्नायू वाढले खरे. पण उठणे, चालणे, तोल सांभाळणे यात दोन्ही गट सारखेच राहिले. मांस वाढले म्हणजे बळ वाढले, असे होत नाही.

क्रिएटिनिनचा चकवा

रक्ताच्या अहवालातला एक आकडा मात्र स्नायूंबद्दल बोलतो, आणि आपण नेमका त्याचाच उलटा अर्थ लावतो. तो आकडा क्रिएटिनिनचा. मूत्रपिंडाची तपासणी म्हणून तो घराघरांत ठाऊक आहे. जास्त आला तर काळजी, कमी आला तर आनंद. पण हे क्रिएटिनिन तयार होते कुठे? स्नायूंमध्ये. स्नायूंत साठवलेल्या क्रिएटिनपैकी सुमारे दोन टक्के भाग रोज क्रिएटिनिन होऊन रक्तात उतरतो आणि मूत्रपिंडे ते बाहेर टाकतात. म्हणजे रक्तातला हा आकडा दोन गोष्टींवर ठरतो : मूत्रपिंडे किती बाहेर टाकतात आणि स्नायू किती तयार करतात.

आता ४० किलो वजनाच्या एखाद्या ८० वर्षांच्या आजीबाईंचा विचार करा. क्रिएटिनिन ०.६. घरचे म्हणतात, “बघा, किडनी तरुणासारखी!” प्रत्यक्षात स्नायूच इतके थोडे उरलेले असू शकतात, की तयारच कमी होते, आणि मूत्रपिंडे मंदावलेली असूनही आकडा साळसूद राहतो. त्यावर विसंबून औषधाची मात्रा ठरली तर ती जास्त होण्याचा धोका असतो. अशा वेळी डॉक्टर ‘सिस्टॅटिन-सी’ ही दुसरी चाचणी सांगू शकतात. हा पदार्थ शरीरातल्या जवळजवळ सर्वच पेशी तयार करतात, त्यामुळे तो स्नायूंवर फारसा अवलंबून नसतो. अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी २०१७ साली या दोन्ही आकड्यांचे गुणोत्तर काढून अतिदक्षता विभागातील रुग्णांच्या स्नायूंचा अंदाज घेण्याची रीत मांडली. कल्पना नामी आहे. पण सिस्टॅटिनवरही थायरॉइडचा, स्टेरॉइडचा, दाहाचा परिणाम होतोच. तात्पर्य, अहवालातली प्रत्येक ‘नॉर्मल’ गोष्ट चांगलीच असते असे नाही.

याचा अर्थ रक्त तपासूच नये, असा मुळीच नाही. थायरॉइडचा विकार, ‘ड’ आणि ‘बी-१२’ जीवनसत्त्वांची कमतरता, पंडुरोग, आटोक्यात नसलेला मधुमेह, या साऱ्यांनी अंगातले बळ जाते आणि या साऱ्यांवर उपचार आहेत. रक्ताने ही कारणे शोधावीत. बळ किती आहे हा प्रश्न मात्र बळालाच विचारावा.

पाच वेळा उठा, पाच वेळा बसा

तो विचारायची पद्धत इतकी साधी आहे, की बहुधा त्यामुळेच तिला मान मिळत नाही. भिंतीला टेकवलेली, हात नसलेली खुर्ची घ्यावी. दोन्ही हात छातीवर घडी घालून पाच वेळा पूर्ण उठावे आणि बसावे. आशियाई तज्ज्ञांच्या गटाने २०१९ साली ठरवलेल्या निकषानुसार याला १२ सेकंद किंवा त्याहून अधिक लागले, तर स्नायूंची ताकद घटल्याची शंका घ्यावी. दुसरी परीक्षा मुठीच्या पकडीची. हातात दाबायचे एक छोटे यंत्र असते. पुरुषांची पकड २८ किलोंच्या आणि स्त्रियांची १८ किलोंच्या खाली आली तर तो इशारा समजतात. जपानात तर आणखी सोपी युक्ती आहे. दोन्ही हातांचे अंगठे आणि तर्जनी जुळवून कडे करायचे आणि पोटरीच्या सर्वांत जाड भागाभोवती घालायचे. कडे सैल पडून मध्ये फट राहिली तर स्नायू कमी झाल्याचा संभव अधिक.

या खेळण्यासारख्या परीक्षांना किंमत किती द्यावी, असे कोणी विचारील. भारतासह १७ देशांतील सुमारे १ लाख ४० हजार लोकांवर झालेला एक अभ्यास २०१५ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. मुठीची पकड दर ५ किलोंनी कमी होत गेली तसतसा मृत्यूचा धोका १६ टक्क्यांनी वाढत गेल्याचे त्यात दिसले. पुढच्या मृत्यूचा अंदाज देण्यात ही पकड रक्तदाबाच्या वरच्या आकड्यापेक्षाही सरस ठरली. ज्या रक्तदाबासाठी आपण घरोघरी यंत्रे घेऊन ठेवली, त्याच्यापेक्षा!

आपल्याला तर याची गरज अधिकच आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुणे परिसरातील खेड्यांतल्या नवजात बालकांचा अभ्यास करून दाखवले, की आपली बाळे इंग्लंडमधील बाळांपेक्षा वजनाने कमी असतात. पण त्या कमीपणात स्नायूंची तूट मोठी आणि चरबीची तूट अगदीच थोडी असते. दिसायला बारीक, आतून चरबीदार. डॉ. याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन या दोन शास्त्रज्ञांचा एकत्र फोटो २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला होता. उंची-वजनाचे गुणोत्तर दोघांचेही २२.३, पण शरीरातली चरबी एकाची ९.१ टक्के, तर आपल्या पुणेकर डॉक्टरांची २१.२ टक्के! स्नायूंचे भांडवलच जन्मापासून बेताचे असलेल्या माणसाला म्हातारपणीची उधळपट्टी परवडत नाही. आणि “आमचे वजन काही कमी झालेले नाही” हा दिलासाही आपल्याकडे फसवा ठरतो. कारण स्नायू जाऊन त्यांच्या जागी चरबी आली तरी काटा हलत नाही.

‘तुम्ही बसा, आम्ही करतो’

आता थोडे कटू बोलायला हवे. आपल्या मध्यमवर्गीय घरांत म्हाताऱ्यांचे स्नायू जातात त्यात वयाचा वाटा आहे, तसा आपल्या मायेचाही आहे. “आई, तू बस, मी पाणी आणते.” “बाबा, तुम्ही कशाला जाता, दूध घरपोच येतं.” “आजोबा, जिना नको, लिफ्टनं चला.” सासूबाईंच्या हातून कणकेची परात काढून घेणे हा सुनेचा चांगुलपणा मानला जातो. एकेक वाक्य प्रेमाचे, आणि त्यांची बेरीज म्हणजे दिवसभर खुर्ची. पूर्वी पाटावर जेवायला बसण्यात, उठून वाढण्यात, उकिडवे बसण्यात दिवसाकाठी पंचवीस-तीस उठाबशा आपोआप होत. डायनिंग टेबल आणि कमोड आले ते सोयीचेच झाले. गुडघे दुखणाऱ्यांना तर ते वरदान आहे. पण त्याबरोबर गेलेल्या उठाबशा दुसऱ्या कोणत्या वाटेने परत आणायच्या, याचा विचार कोणी केला नाही.

आजारपणात तर ही माया अधिकच महाग पडते. २००७ साली अमेरिकेत धडधाकट वृद्धांना केवळ दहा दिवस अंथरुणावर झोपवून ठेवण्याचा प्रयोग झाला. त्यांचे वय सरासरी ६७. दहा दिवसांत एकट्या पायांतूनच सुमारे एक किलो स्नायुभार गेला. हे निरोगी माणसांचे झाले. आपल्याकडे तापातून उठलेल्या ऐंशीच्या आजोबांना “पंधरा दिवस अजिबात हलायचं नाही” असे बजावणारे नातलग घरोघरी सापडतात. जिथे हालचाल करण्यास डॉक्टरांची हरकत नाही, तिथे रुग्णाला लवकरात लवकर खुर्चीत बसवणे, उभे करणे, चार पावले चालवणे हीच खरी सेवा आहे.

या सगळ्याची दुसरी बाजूही नजरेआड करून चालणार नाही. मराठवाड्यात किंवा विदर्भात सत्तरीतही रोजाने खुरपायला जाणाऱ्या बाईला “व्यायाम करा” असे सांगणे ही क्रूर थट्टा होईल. तिच्या अंगाला काम भरपूर आहे. ताटात डाळ नाही. तिच्या स्नायूंचा प्रश्न रेशनच्या दुकानाशी आणि निवृत्तिवेतनाशी जोडलेला आहे. शहरातल्या आजींना बसून स्नायू गमवावे लागतात, तिला उपाशी राबून. दोघींचे पाय अखेर सारखेच थरथरतात.

चहा-टोस्टाचे म्हातारपण

ताटाचा विषय निघालाच आहे तर हिशेब मांडू. वृद्धांनी वजनाच्या दर किलोमागे रोज १ ते १.२ ग्रॅम प्रथिने घ्यावीत, असे आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांच्या एका गटाने २०१३ साली सुचवले. म्हणजे ६० किलोंच्या माणसाला ६० ते ७२ ग्रॅम. आता आपल्या शाकाहारी घरातला म्हाताऱ्या माणसाचा दिवस पाहा. सकाळी चहा-टोस्ट. दुपारी मऊ वरण-भात, एखादी पोळी, भाजी. चारला चहा-बिस्किट. रात्री “हलकं काहीतरी” म्हणून मुगाची खिचडी, नाही तर दूध-भात. याची बेरीज ३५-४० ग्रॅमच्या पुढे क्वचितच जाते. एकादशी, चतुर्थी असली तर साबुदाणा. त्यात प्रथिने जवळजवळ नसतातच. खिचडीत जी काही असतात ती दाण्याच्या कुटाची.

यावर डबाबंद महागड्या भुकट्याच घ्यायला हव्यात असे नाही. ‘हलके’ या शब्दाचा अर्थ बदलला तरी पुष्कळ आहे. मऊ शिजवलेली उसळ, पिठले, डाळीचे धिरडे, भाजणीचे थालीपीठ, घट्ट दही, पनीर, दाण्याची चटणी. चालत असेल त्यांना एक-दोन अंडी, मासे. आणि हे एकाच जेवणात नव्हे, तर सकाळ-दुपार-रात्र वाटून. दात नसतील तर कवळीचा खर्च हा चैनीचा खर्च नाही. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी मात्र प्रथिने वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारलेच पाहिजे.

पण नुसत्या खाण्याने भागत नाही, हेही सिद्ध झालेले आहे. बॉस्टनमध्ये डॉ. मारिया फियाटरोन यांनी १९९० साली एका वृद्धाश्रमातील नव्वदीच्या दहा रहिवाशांना आठ आठवडे पायांनी वजन उचलण्याचा व्यायाम दिला. नव्वदीचे! त्यांच्या पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. १९९४ साली त्यांनी हाच प्रयोग शंभर वृद्धांवर केला. सरासरी वय ८७. व्यायाम करणाऱ्यांची ताकद दुपटीहून अधिक झाली; व्यायामाविना केवळ पोषक पेय घेणाऱ्यांना फारसा लाभ झाला नाही. “आता या वयात काय होणार?” या प्रश्नाचे उत्तर मिळून तीस वर्षे उलटून गेली आहेत. ते आपल्या घरांपर्यंत पोचलेले नाही, एवढेच.

गंमत अशी, की हा व्यायाम महाराष्ट्राला नवा नाही. औंधच्या राजेसाहेबांनी ज्या प्रांतात सूर्यनमस्काराचा ध्यास घेतला, जिथे गावोगावी तालमी होत्या आणि जोर-बैठका हा शब्द पोरासोरांच्या तोंडी होता, तिथल्या माणसांना बैठक म्हणजे काय हे शिकवायला नको. आपण फक्त ती तरुणांसाठी राखून ठेवली आणि म्हाताऱ्यांच्या वाट्याला बागेतला बाक ठेवला. सकाळचे फिरणे चांगलेच आहे, हृदयाला हितकारक आहे. पण गेलेली ताकद त्याने फारशी परत येत नाही. त्यासाठी स्नायूला भार हवा. खुर्चीतून उठणे-बसणे, ओट्याला धरून टाचा उचलणे, पाण्याच्या भरलेल्या बाटल्या उचलणे, आठवड्यातून दोन-तीन दिवस, झेपेल तसे वाढवत. ज्यांना हृदयविकार, तोल जाण्याचा त्रास किंवा नुकतेच झालेले अस्थिभंग आहेत, त्यांनी डॉक्टर किंवा फिजिओथेरपिस्टच्या सल्ल्यानेच.

मागणी अगदी छोटी

शासनाकडे काय मागायचे? २०११ च्या जनगणनेत देशात साठीपुढचे लोक दहा कोटींवर होते आणि तो आकडा वाढतच जाणार आहे. २०२४ साली केंद्राने सत्तरीपुढच्या सर्वांना रुग्णालयातील उपचारांसाठी पाच लाखांपर्यंतचे संरक्षण दिले. फार चांगले झाले. पडून खुब्याचे हाड मोडले तर आता शस्त्रक्रियेला आधार आहे. पण ते पडूच नये यासाठी प्राथमिक आरोग्य केंद्रात एक सरळ पाठीची खुर्ची, एक घड्याळ आणि पकड मोजण्याचे एक यंत्र असावे, एवढी मागणीही अवाजवी म्हणता येणार नाही. “हे व्यवहारात जमणार नाही,” असे म्हणायला जागा नाही. मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१७-१८ मध्ये देशभर ज्येष्ठांचे मोठे सर्वेक्षण केले. ४५ वर्षांवरील माणसे आणि त्यांचे जोडीदार मिळून ७२ हजारांहून अधिक लोकांपर्यंत तिचे कार्यकर्ते पोचले आणि त्यांनी घरोघरी जाऊन मुठीची पकडही मोजली. जे सर्वेक्षणासाठी झाले, ते उपचारासाठी का होऊ नये?

ज्येष्ठ नागरिक संघांनी वर्षातून एकदा वधू-वर मेळाव्याइतक्याच हौसेने ‘उठाबशांचा दिवस’ ठेवावा. तपासणीची पॅकेजे विकणाऱ्यांनी साठ आकड्यांत हा एकसष्टावा घालावा. त्याला ना सुई लागते, ना उपाशीपोटी राहावे लागते. आणि डॉक्टरांनी नाडी पाहण्याआधी रुग्ण बाकावरून उठून टेबलापर्यंत कसा येतो, एवढे पाहिले तरी निम्मी परीक्षा होते. जुने अनुभवी डॉक्टर ते पाहतच असत.

राज्य सरकारने २०२२ साली पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एस.टी.चा प्रवास मोफत केला. लेकीच्या गावाला, पंढरपूरला, भावाच्या घरी जाण्याची म्हाताऱ्या माणसांची ओढ त्या निर्णयाने ओळखली. पण तिकीट माफ झाले तरी गाडीची उंच पायरी काही माफ झालेली नाही. दांडा धरून तेवढी एक पायरी स्वतःच्या बळावर चढता येणे म्हणजे म्हातारपणातले स्वातंत्र्य. आणि ते रक्ताच्या अहवालात छापून येत नाही.

आज रविवार आहे. बहुतेक घरांत माणसे जमलेली असतील, खुर्ची आहे, सेकंदाचा काटा आहे. जेवणाआधी घरातल्या थोरल्यांना पाच वेळा उठायला-बसायला सांगा. शेजारी उभे राहा, तोल गेला तर सावरायला. बारा सेकंदांपेक्षा कमी लागले तर शाबासकी द्या. जास्त लागले तर घाबरवू नका. येत्या आठवड्यात डॉक्टरांना तेवढे सांगा आणि उद्यापासून चहाचा कप त्यांच्या हातात नेऊन देणे थांबवा. त्यांना स्वयंपाकघरात बोलवा. चालत येऊ द्या, वेळ लागला तरी लागू द्या.